लेकुरवाळ्यांची ओसरी

कावेरी पिंगळीच्या स्टेशनावर उतरली तेव्हा तिला मराठीतले दोनच शब्द येत होते, 'हो' आणि 'नाही', आणि त्यातला कुठला कधी वापरायचा याचीही तिला खात्री नव्हती. कडेवर सहा महिन्यांची अलिवेलू, पायाशी पत्र्याची ट्रंक. निजाम सरकारच्या रौप्यमहोत्सवाच्या पताका अजून फलाटाच्या छपराला फाटून लोंबत होत्या. तिचा नवरा व्यंकटराव याची वरंगळकडून इथे बदली झाली होती. तिकिटं द्यायची, मालाच्या पावत्या करायच्या, असं त्याचं काम. गाडी धूर सोडत पूर्णेकडे निघून गेली आणि चारी बाजूंना नुसतं काळं रान उरलं. कावेरीला वाटलं, आपण चुकून मधेच उतरलो.

रेल्वेच्या खोल्या स्टेशनामागे होत्या. दोन खोल्या, पुढे ओसरी, मग काटेरी कुंपण. व्यंकटराव सकाळी जाई तो जेवायला येई, पुन्हा जाई. तेवढ्या वेळात कावेरी लेकराशी बोले. माहेरी बाळाला न्हाऊ घालायला आई होती, टाळू भरायला आजी होती, रडलं की उचलायला तीन बहिणी होत्या. इथे अलिवेलूला पडसं झालं तरी ते कोणाला सांगावं, हा प्रश्न होता.

ऐकून घ्यायला पहिली आली ती धुरपताबाई. गावातली शेतकरी बाई, विधवा, डोक्यावर दह्यादुधाची मडकी घेऊन रोज खोल्यांवर फिरायची. कावेरीने दारात उभं राहून म्हटलं, "पालु."

"पाल?" धुरपताबाई दचकली. "कुटं हाय?"

"पालु, पालु!" कावेरीने घरात बोट दाखवलं. दूध घरात हवं आहे, एवढंच तिला सांगायचं होतं.

धुरपताबाईने मडकी खाली ठेवली, पदर खोचला, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि थेट स्वयंपाकघरात शिरली. फळीमागे बघितलं, उतरंड हलवली, छताला झाडू मारला. कावेरी घाबरून तिच्या मागे मागे. शेवटी तिने जमिनीवर उकिडवं बसून हवेतच गाईची धार काढून दाखवली. धुरपताबाई क्षणभर बघत राहिली आणि मग झाडूसकट खाली बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आगं माय माय माय! दूध पायजे तुला! अन् मी पाल हुडकायलेय!"

पिंगळीत आल्यापासून कावेरी पहिल्यांदाच हसली. त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींना रोज एक शब्द द्यायचा असं न ठरवताच ठरलं. कावेरी थोडी दखनी बोलायची, वरंगळच्या बाजारात कानावर पडून आलेली. जिथे मराठी संपे तिथे दखनी लागे, दखनी संपली की हात लागत.

एकदा धुरपताबाई आली तेव्हा कावेरी लेकराला मांडीवर हलवत गात होती. धुरपताबाई दारातच थबकली. गाणं तेलुगू होतं, तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मधेमधे कावेरी म्हणत होती, "जो जो."

"आवं, ही तर आमचंच म्हनायलीय!" ती म्हणाली, आणि लेकरू तिच्याकडे घेऊन तिने आपला "जो जो" सुरू केला. अलिवेलूने एकदा आईकडे, एकदा या बाईकडे बघितलं आणि डोळे मिटले. इतक्या दूर, डोंगर नद्या ओलांडून, हा एकच शब्द दोन्हीकडे कसा पोचला असेल, याचा विचार कावेरी दिवसभर करत राहिली.

मग धुरपताबाईच एकदा म्हणाली, "शाळंच्या मास्तराची बायको बी तुझ्यावानीच हाय बग. बिदरची. खैरुन्निसा नाव. दिसभर पडद्यात बसून ऱ्हाती. लेकरू रडाया लागलं की ती बी रडती."

"आण," कावेरी म्हणाली.

"आन म्हनं! ती बाहीर येत न्हाई."

कावेरीने विचार केला. मग ट्रंकेतून जुनं निळं लुगडं काढलं आणि ओसरीच्या दोन खांबांना बांधलं. बाहेरून जाणाऱ्याला आतलं काही दिसेना. "आता?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी गेल्यावर खैरुन्निसा आली. बुरखा, कडेवर चार महिन्यांचा मुनीर, काखेत स्वतःची चटई. बुरखा वर केला तर आत अगदी पोरसवदा चेहरा, डोळे सुजलेले. ती बसली, आणि ती एकच वाक्य बोलली, "दो रात से आँख नै लगी मेरी." कावेरीने मुनीरला उचलून घेतलं. खैरुन्निसा तिथेच चटईवर कलंडली आणि दिवस कलेपर्यंत झोपली. जागी झाली तेव्हा लाजून अर्धी झाली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

धुरपताबाईने आपल्या सुनेला, बायनाबाईलाही पाठवलं. तिचा मुंजाजी पाच महिन्यांचा होता. "ती पन परक्या गावचीच हाय," धुरपताबाई म्हणाली. "अन् मी तरी कुटली हितली? मी जिंतूरकडची. बाईला कुटलं आलंय गाव!" कावेरीला हे फार आवडलं. तिला आतापर्यंत वाटत होतं की परकी आपण एकटीच.

चौथी आली कस्तुराबाई. स्टेशनमास्तर दिनकरराव यांची ही बायको, मूळ पैठणकडची, तीन वाढत्या मुलांची आई, खोल्यांमधली सगळ्यांत वडीलधारी. ती आली ती अटी घेऊनच. प्रत्येकीने आपली चटई आणायची. पाणी आपापलं. कोणी कोणाच्या भांड्याला हात लावायचा नाही. "बसायला हरकत नाही," ती म्हणाली, "पण रीत सोडून नाही." कोणी वाद घातला नाही. चटया हातभर अंतरावर पडू लागल्या.

पण लेकरांना अंतर कळत नव्हतं. रांगणारी अलिवेलू या चटईवरून त्या चटईवर जाई, मुनीरची टोपी ओढी, मुंजाजीच्या अंगावर पडे. एकीचं लेकरू दुसरी धरी, म्हणून तिसरीला डोळा लागे. दात येताना काय द्यायचं, पोट धरलं तर काय लावायचं, हे चार गावांचं शहाणपण तिथे एकत्र येई आणि त्यावर भांडणंही होत. भांडणाला कस्तुराबाईचा निकाल शेवटचा असे. धुरपताबाई दूध घालून परत जाताना कुंपणाशी उभी राहून विचारी, "काय वं, लेकुरवाळ्यांची ओसरी भरली का?" तेच नाव पडलं. गावातल्या बायका बाळंतपणासाठी आलेल्या लेकींना सांगू लागल्या, करमत नसेल तर लेकुरवाळ्यांच्या ओसरीवर जाऊन बस.

दिवाळीनंतर वडारांची टोळी आली. पावसाने रुळांखालची खडी वाहून गेली होती. नवा दगड फोडायचा होता. रुळांच्या पलीकडे उघड्या माळावर त्यांची पालं पडली. पहाटेपासून घणांचा आवाज येई. बायकाही फोडत, बायकाच पाट्या वाहत. काही दिवसांनी बरीचशी टोळी पुढे मिरखेलकडे सरकली, इथे तीनच पालं मागे राहिली.

व्यंकटराव एकदा जेवताना म्हणाला, "ते तेलुगू बोलतात. आपल्यासारखं नाही, पण तेलुगूच."

कावेरीचा घास हातातच राहिला. आपली भाषा, इतकी जवळ! घणांच्या आवाजात तिला ती कधी ऐकूच आली नव्हती. पण ती तिकडे गेली नाही. वडार म्हणजे माळावरची माणसं; कुंपणाच्या आत त्यांना कोणी बोलावत नसे, आणि कुंपणाबाहेर त्यांच्याकडे कोणी जात नसे. तिच्या माहेरीही हेच होतं. भाषा एक असली तरी अंगणं वेगळी.

मग एका दुपारी कुंपणाबाहेर एक म्हातारी येऊन उभी राहिली. काळी, उंच, अंगावर एकच लुगडं, आणि दोन्ही हातांत चिंध्यांचं गाठोडं. ती आत आली नाही, हाकही मारली नाही. नुसती उभी राहून गाठोड्याकडे बघत काहीतरी पुटपुटत होती.

"कोण आहे गं ते?" कस्तुराबाईने विचारलं. "भाकरी मागत असेल. सांगा, संध्याकाळी ये."

धुरपताबाई त्या दिवशी ओसरीच्या पायरीवर टेकली होती. तिने कान दिला आणि ती ताडकन उठली. "भाकरी न्हाई वं. पालु म्हनायलीय ती. पालु! दूध मागायलीय."

तेव्हा कावेरी पडद्याबाहेर आली. म्हातारीने तिच्या कपाळाकडे, पातळाकडे बघितलं आणि बोलणं सुरू केलं. कावेरी एकेक वाक्य ऐकून मागे वळून सांगू लागली. म्हातारीचं नाव नागम्मा. सुनेला, यल्लम्माला, पालातच मुलगी झाली. तेव्हापासून सुनेला ताप आहे, शुद्ध येते जाते, अंगावर दूध नाही. टोळीतल्या पाजणाऱ्या बायका मिरखेलला गेल्या. शेळीचं दूध कापसाने घालून बघितलं, पोरीने ओकून टाकलं. आता ती रडतही नाही.

"इथे बायका लेकरं घेऊन बसतात असं तिने ऐकलं," कावेरी म्हणाली. "म्हणून आली."

गाठोड्यातून एक बारीक आवाज आला. रडणं म्हणावं असा नव्हता, मांजराच्या पिल्लासारखा होता. तो ऐकताच कावेरीच्या छातीत कळ आली आणि चोळी ओली झाली. अंगाने तिला न विचारताच उत्तर दिलं होतं. पण पाय हलत नव्हते. आई काय म्हणेल, सासू काय म्हणेल, व्यंकटराव काय म्हणेल. ती उभी राहिली आणि दूध चोळीतून खाली ठिबकत राहिलं.

तिच्या बाजूने कोणीतरी पुढे गेलं. खैरुन्निसा होती. पडदा ओलांडून, बुरख्याशिवाय, भर दुपारच्या उन्हात ती कुंपणापर्यंत चालत गेली. ज्या बाईने या गावात आजवर पडद्याबाहेर कोणाला आपलं नख दाखवलं नव्हतं, ती.

"ला माँ. इधर दे मेरेकू."

तिने तिथेच, कुंपणाच्या सावलीत, जमिनीवर बसून पोरीला पदराखाली घेतलं. पोरीला ओढता येत नव्हतं. खैरुन्निसाने बोटाने तिच्या ओठांवर दुधाचे थेंब लावले. एकदा, पुन्हा, पुन्हा. मग म्हातारीच्या तोंडून एक हुंकार निघाला, कारण चिंध्यांतला इवलासा पाय हलला होता. पोरगी पिऊ लागली होती.

पाजून झाल्यावर खैरुन्निसा मान वर करून म्हणाली, "अब ये मेरी बेटी हुई. मुनीर की बहन. हमारे में दूध का नाता खून के सरीका रहता. आगे चलके इन दोनों का निकाह भी नै हो सकता." ती हे इतक्या सहज म्हणाली, जणू परवाच्या पावसाबद्दल बोलत होती.

कस्तुराबाई उठली. तिने आपली चटई गुंडाळली आणि कोणाशी न बोलता निघून गेली.

संध्याकाळी व्यंकटराव घरी आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. त्याने टोपी खुंटीला अडकवली.

"तूही पाजलंस?"

"नाही," कावेरी म्हणाली. "मी उभी राहिले. उद्या पाजणार आहे."

"तुझ्या आईला कळलं तर?"

"आई इथे असती तर तिला विचारलं असतं. आईही नाही, तुमच्या आईही नाहीत. ती म्हातारी मात्र दारात आली होती. तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला मीच होते, आणि मीच मागे राहिले."

व्यंकटराव पाटावर बसला. जेवला, हात धुतले. मग झोपलेल्या अलिवेलूजवळ बसून तिची मूठ उघडत, मिटत राहिला. सकाळी स्टेशनाकडे जाताना त्याने कोनाड्यात एक पुडी ठेवली. "कोयनेलाच्या गोळ्या आहेत," तो म्हणाला. "हिवताप असेल तर उतरेल." आणि मागे न बघता निघाला.

दुपारी नागम्मा पोरीला घेऊन आली तेव्हा कावेरीने हात पुढे केले. पोरीचं वजन एखाद्या ओल्या पंच्याइतकं होतं. कावेरीला वाटलं होतं, काहीतरी वेगळं वाटेल, अंगावर शहारा येईल. तसं काही झालं नाही. पोरीने डोळे मिटून ओढायला सुरुवात केली, एका हाताने कावेरीचं बोट पकडलं, आणि ती पकड हुबेहूब अलिवेलूची होती. तीच घाई, तोच मधेच सोडलेला उसासा. कावेरी बघत राहिली. एवढ्याशा जिवाला आपण कोणाच्या मांडीवर आहोत याच्याशी काहीच कर्तव्य नव्हतं. त्याला जगायचं होतं. जगात एवढी मोठी गोष्ट आहे आणि ती आपल्याला कोणी आजवर सांगितली नाही, असं तिला वाटलं, आणि तिचे डोळे भरून आले.

तिसऱ्या दिवशी बायनाबाईने आपण होऊन हात पुढे केले. ती लाजरी सून, चार शब्दांच्या पलीकडे कधी बोलली नव्हती. तिने सासूकडे बघितलं. धुरपताबाई म्हणाली, "माज्याकडं काय बगायलीस? दूध तुजं हाय." मग रोज तिघी पाळीपाळीने पाजू लागल्या. पोरीच्या मांड्यांवर हळूहळू वळ्या दिसू लागल्या. कस्तुराबाईची जागा मात्र रिकामीच राहिली.

कोयनेलाच्या गोळ्या मिळाल्या त्याच संध्याकाळी कावेरी त्या घेऊन पालावर गेली होती. पालात यल्लम्मा गोधडीवर पडली होती, ओठ फुटलेले, डोळे खोल. जवळ मडक्यात पाणी होतं, गढूळ, वर हिरवी साय. रुळांसाठी माती काढून झालेल्या खड्ड्यातलं ते पाणी. "हेच पिता?" कावेरीने विचारलं. नागम्माने मान हलवली. स्टेशनच्या विहिरीवर त्यांना कोणी 'येऊ नका' म्हणून सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडत नसते. ते आपण होऊनच येत नव्हते.

कावेरी घरी आली, घागर उचलली आणि विहिरीवर गेली. तिथे कस्तुराबाई रहाटाशी उभी होती.

"कोणासाठी?" तिने विचारलं.

कावेरीला खोटं सांगता आलं असतं. "पालावर," ती म्हणाली.

कस्तुराबाईने वाकून पाण्यात बघितलं. मग म्हणाली, "माझी तीन मुलं तुला माहीत आहेत. त्यांच्या आधी एक होता. आम्ही तेव्हा दुसऱ्या एका आडस्टेशनावर होतो, नवीनच. मला ताप आला आणि दूध आटलं. भिंतीला भिंत लागून चार घरं होती, दोघी पाजणाऱ्या होत्या. रोज आवाज यायचा त्यांच्या लेकरांचा." तिने दोर हातात घेतला. "मी मागितलं नाही. ओळख नाही, जात माहीत नाही, कसं मागायचं? लेकरू माझ्या मांडीवर गेलं."

कावेरीने घागर काठावर टेकवली.

"त्या दिवशी ती म्हातारी कुंपणाशी येऊन उभी राहिली ना, तेव्हा मला तिचा राग आला. इतका राग आला मला, कावेरी! मला जे जमलं नाही ते ती करत होती." कस्तुराबाईने पोहरा खाली सोडला. "आण ती घागर."

तिने स्वतः पाणी ओढलं. रहाट करकरत राहिला. एक घागर भरली, मग ती घरात गेली आणि आपली तांब्याची कळशी घेऊन आली, जिला कोणी हात लावलेला तिला खपत नसे. तीही भरली. मग काखेत कळशी घेऊन, नऊवारीचा ओचा सावरत, स्टेशनमास्तरांची बायको रूळ ओलांडून पालांकडे चालू लागली. फलाटावर दिनकरराव हिरवं निशाण हातात धरून उभे होते. ते बघतच राहिले. मग त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि पाठ वळवली, जणू काही दिसलंच नाही. त्यानंतर रोज सकाळी कस्तुराबाईची कळशी पालावर जाऊ लागली. कोणी काही बोललं तर ती म्हणे, "माझी कळशी आहे, माझे हात आहेत."

ताप उतरला. यल्लम्मा आधी बसू लागली, मग उभी राहिली. थंडी सरत आली तेव्हा तिच्या अंगावर दूध आलं. नागम्माने ही बातमी ओसरीवर येऊन सांगितली तेव्हा बायकांनी असा गलका केला की व्यंकटराव तिकिटाच्या खिडकीतून डोकावून बघू लागला. पोरीचं नाव ठेवण्यावरून मात्र तंटा झाला. प्रत्येकीला आपल्या आवडीचं नाव हवं होतं. शेवटी नागम्माने सगळ्यांना गप्प केलं. पोरगी इथल्या माळावर जन्मली, इथल्या बायकांच्या दुधावर वाढली, तेव्हा तिचं नाव पिंगळम्मा.

मग खडीचं काम संपलं. मागे राहिलेली तीन पालंही पुढे निघणार होती. निघायच्या दिवशी दुपारी यल्लम्मा पहिल्यांदा स्वतः ओसरीपर्यंत आली. काटक बाई, हातांना घणाचे घट्टे, कडेवर पिंगळम्मा. ती पायरीखाली मातीतच बसायला लागली.

कस्तुराबाईने आपल्या चटईवर हात थोपटला. "वर ये."

शब्द यल्लम्माला कळले नाहीत, हात कळला. ती कडेकडेने येऊन चटईच्या टोकाला टेकली. मग ती कावेरीकडे बघून हळू आवाजात काहीतरी म्हणाली. कावेरी ते ऐकून बाकीच्यांकडे वळली.

"काय म्हनायलीय?" धुरपताबाईने विचारलं.

"ती म्हणते," कावेरी थांबत थांबत बोलली, "मी दगड फोडणारी बाई. तुम्हाला द्यायला माझ्याकडे काही नाही. पण आता दूध आहे. तुमची लेकरं एकदा माझ्या मांडीवर द्याल का?"

कावेरीला त्या क्षणी कळलं, आजवर केलं ते सोपं होतं. देणारा वरच्या पायरीवर असतो. देताना तो काही हरत नाही. ही बाई आता त्यांना ती पायरी उतरून यायला सांगत होती. तिने बायनाबाईकडे बघितलं, बायनाबाईने खाली बघितलं. कस्तुराबाईच्या ओठांची रेघ घट्ट झाली. यल्लम्मा वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर ना विनवणी होती ना राग. नकाराची तिला सवय होती, तो आला तर उचलून न्यायलाही ती तयार होती.

कावेरीने अलिवेलूला उचललं. पोरगी आता वर्षाची होत आली होती, चांगली वजनदार. तिने तिला यल्लम्माच्या मांडीवर ठेवलं.

अलिवेलूने मान वर करून त्या अनोळखी काळ्या चेहऱ्याकडे बघितलं. तिला ओळखीची तेलुगू ऐकू आली: "रा, बिड्डा." ये, बाळा. तिने यल्लम्माच्या गळ्यातली मण्यांची माळ मुठीत धरली आणि निवांत तोंड लावलं, जणू रोजचंच आहे. यल्लम्माने डोळे मिटले. घण उचलणारे ते हात इतके अलगद झाले होते की पोरीच्या जावळाचा केसही हलत नव्हता.

मग खैरुन्निसाने मुनीरला दिलं. "ले बहन." मग बायनाबाईने मुंजाजीला, आणि देताना ती चक्क हसली. कस्तुराबाईकडे द्यायला तान्हं लेकरू नव्हतं. ती उठून आत गेली, तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आली, आणि पाजून दमलेल्या यल्लम्माच्या पुढे धरला. यल्लम्माने ओंजळ पुढे केली, वरून ओतून घ्यायला. कस्तुराबाईने मान हलवली आणि तांब्याच तिच्या हातात दिला. यल्लम्माने तो तोंडाला लावून घटाघट पाणी प्यायलं. उरलेल्यातलं कस्तुराबाई स्वतः प्याली. चौघी बायका हे बघत होत्या. देवळात आरती थांबल्यावर घंटेचा नाद जसा थोडा वेळ हवेत राहतो, तसं काहीतरी त्या ओसरीत राहिलं होतं.

उन्हं उतरल्यावर पालं गाढवांवर लादली गेली. टोळी रुळांच्या कडेने पूर्णेच्या दिशेने निघाली. नागम्मा पुढे, मागे पाठीशी पिंगळम्माला बांधलेली यल्लम्मा, खांद्यावर घण. चौघीजणी कुंपणाशी उभ्या होत्या, खैरुन्निसाही, बुरखा वर केलेला. धुरपताबाई तिथे नव्हती. ती गावाच्या वेशीपर्यंत त्यांच्यासोबत चालत गेली होती, आणि तिचा मोठा आवाज वाऱ्यावर अजून ऐकू येत होता. मराठीतच बोलत होती ती. नागम्मा तेलुगूत उत्तर देत होती.